दत्ता, तो निळा होता

दत्ता, आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा तू मध्येच म्हणशील, "मास्तर, प्रस्तावना पुरे." तो पक्षी निळा होता. तुझ्या आजारपणात जो मी तुला जांभळा म्हणून सांगितला, ज्याच्यासाठी तू वर्कशॉपात पेढे वाटलेस, ज्याची पोरंबाळं काढण्यात तू पुढची चार वर्षं घातलीस, तो साधा निळा होता. त्याची पोरंही निळीच निघाली. मी एकालाही जांभळा म्हणायला नको होतं, आणि मी सगळ्यांना म्हणालो. तू समोर बसलेला असताना हे सांगायचं धाडस झालं नाही, आणि आता तू नाहीस तर कागदावर सांगायला बसलोय. धन्य आहे माझी.

तुला जाऊन महिना होत आला. घरी भेटायला येणारा जो तो तुझ्याबद्दल एकच बोलून गेला, माणूस देवासारखा होता. मला आतून चीड येत होती. कसला देवासारखा? हट्टी, तिरसट, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणारा माणूस तू. देवासारखा असतास तर मी तेरा-चौदा वर्षं दर रविवारी देशपांडे नगरातून केशवापूरपर्यंत सायकल मारली नसती, देवळात जाऊन नमस्कार करून आलो असतो.

आपली ओळख कशी झाली ते सांगितलं तर अजूनही लोकांना पटत नाही. मी इथे हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. मधल्या सुट्टीत डबा उघडून बसलो होतो तेवढ्यात रेल्वेतला एक माणूस आला आणि अंतर्देशीय पत्राच्या घडीतून सहा पिसं काढून माझ्या डब्याशेजारी मांडून ठेवली. "ह्यांच्याखाली रंगांची नावं लिहून द्या. खरी नावं. नुसतं निळा-हिरवा नको." मला वाटलं, माणूस सरकलेला आहे. पण तू इतका गंभीर होतास, की मी पोळी खाली ठेवली, हात धुतले आणि लिहून दिलं. पोपटी, पिवळा, आकाशी, गडद निळा, राखी, शेवाळी. कागदाची घडी घालून तू खिशात ठेवलास आणि म्हणालास, "रविवारी घरी या. अजून चाळीस आहेत."

त्या रविवारी तू सांगितलंस. तुझे वडील इंजिन ड्रायव्हर होते, तुलाही तेच व्हायचं होतं. डोळ्यांच्या परीक्षेत ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक पुढे ठेवलं. "बाकीच्या पोरांना त्यात आकडे दिसत होते, मला नुसत्या शेवया दिसल्या," असं तू हसत सांगायचास. लाल, हिरवा, जांभळा तुला धड कळत नव्हते. ज्याला सिग्नल कळत नाही त्याच्या हातात इंजिन कोण देणार? तुला वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये कारकून केलं. बाजारात टोमॅटो तू दाबून बघून घ्यायचास, रंगाचा भरवसा नाही म्हणून. आणि अशा माणसाने नाद कसला लावून घ्यावा, तर पक्ष्यांचे नवे नवे रंग काढायचा. मी तोंडावर विचारलं तर म्हणालास, "का? बहिरा माणूस पोरीच्या लग्नात वाजंत्री लावत नाही का?"

सगळं गाव त्या पक्ष्यांना लव्हबर्ड म्हणतं. तुझ्यासमोर कुणी तसं म्हटलं की तू अर्धा तास त्याला बजरीगर म्हणजे काय ते समजावून सांगायचास आणि तो परत कधी यायचा नाही. मागच्या पडवीत एकावर एक पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्यात एक आडवं बांधलेलं मडकं, खाली राळ्यांचा भुसा. वहिनी रोज दोनदा झाडायच्या आणि रोज दोनदा बोलायच्या. तू मडक्यात हात घालायचास, पिलू काढून माझ्या तळहातावर ठेवायचास आणि वही उघडायचास. "कसला?" मी सांगायचो, तू लिहायचास. मग तू हिशेब करायचास: बाप असा, आई अशी, आजा तसा, म्हणजे ह्याच्या अंगात अमुक दडलेलं आहे. मला डोळे होते, तुला डोकं होतं. दोघं मिळून एक धड माणूस झाला होता, आणि त्या माणसाचं ह्या हुबळी-धारवाडच्या जुळ्या शहरांत दुसऱ्या कुणाशी बोलणं नव्हतं.

खरं सांगू का, माझं तर कुणाशीच नव्हतं. लग्न केलं नाही, भावाने वाटण्या झाल्यावर पत्र टाकणं सोडलं. सोमवार ते शनिवार मी साठ-साठ पोरांना सफरचंदाला सावली कुठे द्यायची ते शिकवायचो आणि संध्याकाळी खोलीवर येऊन कुलूप काढायचो. आठवड्यात एकदा एक माणूस माझी वाट बघत बसलेला असायचा, मला काय दिसलं हे त्याला ऐकायचं असायचं. माझ्या डोळ्यांना तेवढी किंमत ना शाळेने दिली ना दुसऱ्या कुणी.

तुला हवा होता जांभळा. हुबळीत तोवर कुणी पाहिलेला नव्हता. तू मला तो कसा काढायचा ते इतक्यांदा सांगितलंस की मी झोपेत म्हणून दाखवीन. "गुळासारखं असतं ते मास्तर. आमटीत घातला तर डोळ्यांना दिसतो का? पण असतो. पक्षी फिकट निळा असला तर आतलं जांभळेपण त्याला थोडं जास्त निळं करतं, बस्स, अजून काही कळत नाही. त्याला गडद मादी द्यायची. मग पोरांत ते वर येतं." बेंगळूरहून तू एक जोडी आणलीस. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, ह्यांच्या घराण्यात जांभळा आहे. दोन वर्षं त्या जोडीने आकाशी पिलांशिवाय काही दिलं नाही. दर वेळी मी "आकाशी" म्हणायचो आणि तू "असू दे" म्हणून लिहायचास. मला ते "असू दे" ऐकवेनासं झालं होतं.

मग तुझ्या छातीत पहिल्यांदा दुखलं. दहा दिवस दवाखान्यात होतास. घरी आणलं तेव्हा तू पडवीतल्या खुर्चीत मफलर गुंडाळून बसलेला, डोळे खोल गेलेले, वहिनी पेज घेऊन उभ्या आणि तू तोंड फिरवून बसलेला. मी आलो तर मला म्हणालास, "तिसऱ्या मडक्यातलं काढ." मी काढलं. निळं होतं. इतरांपेक्षा अंमळ जास्त निळं, पण निळं. तू पिलाकडे बघत नव्हतास, माझ्या तोंडाकडे बघत होतास. "कसला?"

मी म्हणालो, "जांभळा."

कसं म्हणालो ते अजूनही मला माहीत नाही. तू लगेच वही मागितलीस, हात थरथरत होता म्हणून मला लिहायला लावलंस. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे ते. मग वहिनींना म्हणालास, "आण ती पेज." मला वाटलं, आठ दिवसांनी सांगू, जरा अंगात ताकद येऊ दे. आठ दिवसांत तू धारवाडहून पेढे मागवलेस.

एकदा तू स्वतःच म्हणालास, "मास्तर, हा मला फिकट वाटतो रे. रंग कळत नाही, पण गडद-फिकट मला कळतं." तेव्हा सांगायला काय झालं होतं? देवाने संधी पुढ्यात आणून ठेवली होती. मी म्हणालो, "उजेडामुळे वाटतं तसं." एका आंधळ्याला डोळसाने इतकं बेशरमपणे फसवल्याचं मी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. तू म्हणालास, "तू म्हणतोस तर असेल."

तिथून पुढे सगळं घसरत गेलं. जांभळा हाती लागलाय अशी तुझी समजूत, मग तो निसटू नये म्हणून तू भावाला बहीण देत गेलास, बापाला मुलगी. घराबाहेरचं रक्त नको, रंग विरेल. पिलं अशक्त निघायला लागली. कुणाची पिसंच वाढत नव्हती, कुणी अंड्यातच राहायचं, कुणी आठ दिवसांचं होऊन मान टाकायचं. मेलेलं पिलू तू रुमालात गुंडाळून परसात पेरूखाली पुरायचास आणि त्या दिवशी जेवायचा नाहीस. आणि जगलेलं पिलू माझ्या हातावर ठेवून विचारायचास, कसला. मी सांगायचो. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा विचार करावा लागत नाही, ह्याचीच मला भीती वाटायची. असे आठ झाले. आठ जांभळे, सगळे निळे.

मी तुझ्याशी भांडलो. ह्याचं श्रेय मला दे. खरं सांगायची हिंमत नव्हती, पण बाहेरची मादी आण म्हणून मी तुझ्या मागे हात धुऊन लागलो. तू ऐकेनास. शेवटी एका रविवारी तू म्हणालास, "तुला रंग कळतो, रक्त कळत नाही. तू तुझी सफरचंदं काढ." मीही कमी नाही. म्हणालो, "आणि तुला ह्या पोरांच्या पिसांपेक्षा वहीतल्या रेघा जास्त प्याऱ्या आहेत." सायकल काढली आणि निघालो. दोन महिने आलो नाही. त्या दोन महिन्यांतले रविवार मी कसे काढले ते विचारू नकोस. एका रविवारी तर मी स्टेशनवर जाऊन बाकावर बसून आलो.

आधी माघार घेतलीस ती तू. तुला दोन जिने चढायला डॉक्टरांनी बंदी केलेली आणि तू माझ्या दारात उभा, घामाने निथळत, भिंतीला धरून. आत ये म्हणायच्या आधीच बोललास, "आण तुझी ती बाहेरची सून. पण नापास झाली तर तू परत न्यायचीस." मी तुला पाणी दिलं. तू खोलीभर नजर फिरवून म्हणालास, "मास्तर, चौदा वर्षांत तू मला एकदाही बोलावलं नाहीस रे इथे." मी म्हणालो, "इथे आहे काय बघायला?" त्यावर तू पाणी प्यायलास आणि बराच वेळ बसून राहिलास. तेव्हाही मला सांगता आलं असतं. तू जिने चढून आला होतास, तुला धाप लागलेली होती, असं मी स्वतःला समजावलं. मला नेहमी काहीतरी सापडायचंच.

सून मी धारवाडहून आणली. सुभाष रोडवर भांड्यांच्या दुकानामागे एक म्हातारे कानडी अज्जा गच्चीवर पक्षी पाळतात, त्यांच्याकडून. चांगली भरलेली, ठणठणीत मादी, पावसाळी ढगाच्या रंगाची. अज्जा म्हणाले, "तगोंड होग्री, घेऊन जा मास्तर, हिला रंग नाही म्हणून कुणी घेत नाही." बुटांच्या खोक्याला भोकं पाडून बसमधून मांडीवर घेऊन आलो. तू तिला उचललंस, उजेडात धरलंस आणि तुझा चेहरा खुलला. "ही गडद आहे," म्हणालास. "हे मला दिसतं." थोरल्या जांभळ्याच्या, म्हणजे माझ्या पहिल्या खोट्याच्या, पिंजऱ्यात तू तिला सोडलीस. आठवड्याभरात ती मडक्यात जाऊन बसायला लागली. तू फोन करून सांगितलंस, पहिलं अंडं. मग दुसरं, मग तिसरं. मुलाने तुला दिलेला मोबाईल तू त्याशिवाय दुसऱ्या कशाला वापरल्याचं मला आठवत नाही.

तू गेलास त्या दिवशी मडक्यात पाच अंडी होती. सकाळी वर्गात हजेरी घेत होतो तेव्हा शिपाई बोलवायला आला, ऑफिसात फोन आहे. तुझ्या मुलाचा होता. बेंगळूरहूनच बोलत होता, तो निघायचा होता. "काका, बाबा गेले. आईजवळ कुणी नाही, तुम्ही जाता का?" मी हजेरीपट तसाच उघडा टाकून आलो.

तुला पडवीला लागून असलेल्या खोलीत ठेवलं होतं. बाहेर पक्ष्यांची नेहमीची कचकच चालू होती. कुणीतरी म्हणालं, पिंजऱ्यांवर चादर टाका. वहिनी म्हणाल्या, "राहू दे, सवय आहे त्यांना." कुणाला ते मी विचारलं नाही. सुतकाचे दिवस मी रोज सकाळी शाळेआधी येऊन राळे घातले, पाणी बदललं. मुलगा गुणी आहे तुझा. त्याने हात जोडून सांगितलं, "काका, आईला मी घेऊन जातो. पक्ष्यांचं तेवढं बघा, कुणालातरी देऊन टाका." मी म्हणालो, पिलं मडक्याबाहेर येऊ देत, मग बघू. पाचांतलं एक अंडं वाया गेलं. चार पिलं निघाली ती तू गेल्यानंतर आठ दिवसांच्या आत. तुला सांगायला फोन हातात घेतला होता मी. नंबर दाबून झाल्यावर लक्षात आलं.

आता काल काय झालं ते ऐक. दहाचा सुमार, पडवीत चांगलं ऊन आलेलं. वहिनी आत सामान बांधत होत्या. मी चौथं पिलू बाहेर काढलं. छाती नुकती भरत आलेली. हातावर घेतलं, उन्हाकडे वळलो, आणि माझा हातच थांबला. तीस वर्षं मी रंग कालवतोय दत्ता. निळ्यात बेताने लाल पडल्याशिवाय हा रंग होत नाही. मी सावलीत नेऊन बघितलं, परत उन्हात आणलं. भावंडाशेजारी धरलं, ते निळं होतं, हे नव्हतं. जांभळा. मानेपासून शेपटीपर्यंत, कुणालाही विचारायला नको असा जांभळा.

मी तिथेच जमिनीवर बसलो. म्हणजे तो पहिला निळा होता, पण गूळ त्याच्यात होता. विकणारा खरं बोलला होता, तुझा हिशेब खरा होता, खोटा एकटा मी होतो. त्या दिवशी मी सरळ "निळा" म्हणालो असतो तर तू मफलरातून तोंड बाहेर काढून म्हणाला असतास, जास्त निळा आहे ना, मग गडद मादी बघ. सहा महिन्यांत ह्या पडवीत हा रंग आला असता. मी तुला आनंद दिला असं समजत होतो, आणि तुझी चार वर्षं आणि ती पेरूखालची पिलं माझ्या एका शब्दाने खाल्ली.

आणि ह्याहून वाईट ऐक. समज, तू काल होतास. खुर्चीत बसून विचारलंस, कसला? मी काय सांगितलं असतं? जांभळा. तू लिहून घेतलं असतंस, म्हणाला असतास, बरं, नववा. आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळला असतास. ज्या क्षणासाठी तू जन्म घालवलास तो समोर येऊनही तुला कळला नसता, कारण तो शब्द मी आधीच आठ वेळा खर्चून टाकला होता. मला रडू आलं. तू गेलास तेव्हा आलं नव्हतं. सगळे म्हणाले, मास्तर खंबीर आहेत.

वहिनी चहा घेऊन आल्या. तू गेल्यापासून त्या पिंजऱ्यांकडे फिरकल्या नव्हत्या. मला तसा बसलेला बघून थबकल्या, मग माझ्या हातातल्या पिलाकडे बघितलं. वाकून, नीट बघितलं.

"अगबाई," त्या म्हणाल्या, "हा मात्र खरोखरच जांभळा आहे की हो, मास्तर."

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय डोळे नाहीत?" त्यांनी कप खाली ठेवला. "रोज दोनदा झाडत होते मी इथे."

"मग त्याला सांगितलं का नाही?"

"विचारलं होतं ह्यांनी एकदा. दिवाळीच्या आसपास. म्हणाले, तुला कसे दिसतात गं हे? मी म्हटलं, मास्तर म्हणतात तसेच." त्यांनी पदराला हात पुसले. "तुम्ही सांगितलंत त्या दिवशी ती पेज सगळी प्यायले होते ते. तुमचा शब्द मी कशी मोडणार?" आणि चहा थंड होतोय म्हणून सांगून आत गेल्या.

म्हणजे तुला शंका होती. तू विचारलंस, मला नाही, त्यांना. त्यांचं ऐकून तुझं समाधान झालं की तूही आमच्यासारखाच गप्प बसलास, हे आता मला कोण सांगणार? जिने चढून माझ्या खोलीत आलास, इतका वेळ बसलास, ते मी बोलावं म्हणून होतं का रे? मी तुला पाणी देऊन घालवलं.

वहिनी गुरुवारी जातील. पिंजरे माझ्या खोलीत मावणार नाहीत, बाकीचे अज्जांकडे जातील, हे एक मी ठेवून घेणार आहे. ते सगळं होईल. आत्ता एवढंच. पिलू आजही हातात आहे, ऊन चांगलं आहे, मी दोनदा तपासून बघितलंय.

जांभळा झाला रे, दत्ता. हा पहिला.